धरणाचे जावई

बारामतीत आम्ही भाड्याचं घर शोधत होतो तेव्हा सगळ्या घरमालकांनी तेच ते प्रश्न विचारले होते. नोकरी कुठं, माणसं किती, पाहुणेरावळे फार येतात का. तात्यांनी यातलं काहीच विचारलं नाही. ओट्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून त्यांनी माझ्या नवऱ्याकडे एकदा पाहिलं, त्यात फारसं काही सापडलं नाही असं दिसलं, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तुमचं माहेर कुठलं?"

"चिपळूणकडचं."

"चिपळूणकडचं म्हंजी नेमकं कुठलं?"

"पोफळीच्या जरा अलीकडे आमचं गाव आहे."

तात्या खुर्चीतून उठले. "पोफळी? कोयनेचं पॉवर हाऊस हाय ती पोफळी?"

मी हो म्हटलं.

"आत कवा गेलाय का? डोंगराच्या पोटात?"

"शाळेच्या सहलीत एकदा गेले होते."

"काय बघितलं?"

मला आठवत होतं ते एवढंच, की आत गार होतं आणि येताना घाटात आमच्या वर्गातल्या एका मुलीला उलटी झाली होती. मी म्हटलं, "खूप मोठं होतं."

"मोठं," तात्या म्हणाले. हा शब्द त्यांनी प्रसाद घ्यावा तसा घेतला. मग आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाले, "आगं ए, चहा टाक. पोफळीची लेक आलीया."

वरचा मजला आम्हाला तिथंच मिळाला. माझा नवरा कारखान्यातून चांगल्या वर्तणुकीचा दाखला घेऊन आला होता, तो त्यांनी उघडूनही पाहिला नाही. पुढं आम्ही तिथं बरीच वर्षं राहिलो, आणि तेवढी वर्षं त्या घरात मला काशीहून आल्यासारखा मान होता. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा तात्यांनी तिला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "राती निजल्यावर यंत्राचा आवाज येतो का हो घरात?" आई म्हणाली, "यंत्राचा नाही बाई ऐकला. शेजाऱ्यांच्या टीव्हीचा येतो." तात्यांना वाईट वाटलं, पण त्यांनी ते तिच्या वयावर सोडून दिलं.

तात्या मूळचे बावड्याचे. उजनी धरणावर विजेच्या खात्यात लागले, पुढं धरणाच्या पायथ्याशी वीज करायचं यंत्र बसलं तेव्हा त्या यंत्रावर गेले, आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिले. निवृत्तीनंतर बारामतीत घर बांधलं. खाली ते आणि त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळी गल्ली आक्का म्हणायची. मुलगी लग्न होऊन नाशिकला. वर आम्ही. मी एमआयडीसीतल्या एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत होते आणि नवरा तिथंच पुढच्या रस्त्यावर एका कारखान्यात.

घरात नियम एकच होता. खाली विचारल्याशिवाय मोठं काही चालू करायचं नाही. गीझर, मिक्सर, इस्त्री, पाण्याची मोटर, काहीही. जिन्याच्या तोंडाशी उभं राहून म्हणायचं, "तात्या, गीझर टाकू का?" खालून उत्तर यायचं, "टाका." किंवा, "थांबा, खाली मोटर हाय." अंघोळ झाली की पुन्हा जिन्यात येऊन सांगायचं, "काढला." त्यावर तात्यांचं "बरं" आल्याशिवाय तिथून हलायचं नाही.

माझ्या नवऱ्याने आठवडाभर हे मानलं नाही. वायरी नव्या होत्या, मीटर चांगलं होतं, चार गीझर एकदम लावले तरी काही झालं नसतं. हे त्याने तात्यांना नीट समजावून सांगितलं. तात्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"जमतंय हे मला बी म्हाईत हाय," ते म्हणाले. "पर सांगून आलेला पाव्हणा आन् न सांगता आलेला पाव्हणा, दोघं बी तेवढंच जेवत्यात. तरी घरातल्या बाईला इचारा फरक काय आसतो."

आतून आक्का म्हणाल्या, "ह्यांनी सांगून कवा आणलाय पाव्हणा?"

तरीही नियम लागला. तो इतका अंगवळणी पडला की दिवाळीत आम्ही सांगलीला सासरी गेलो होतो तेव्हा नवरा पहाटे न्हाणीघराच्या दारात टॉवेल घेऊन उभा राहिला आणि "गीझर टाकू का?" असं विचारून वाट बघत राहिला. सासूबाईंना वाटलं, बारामतीत आम्हाला गरम पाणी परवानगीने मिळतं. तसं ते मिळतच होतं.

दुपारी जेवून तात्या जे झोपायचे ते दिवेलागणीच्या जरा आधी उठायचे. उठले की अंघोळ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात वहाणा, आणि ओट्यावरची खुर्ची. कुठं जायचं नसायचं. ते दिवे लागताना बघायला बसायचे.

"आता बगा," ते मला म्हणायचे. मी तेव्हा कामावरून येऊन जिन्याशी चपला काढत असायची. "आता सगळी दुनिया एकदम बटणं दाबणार. घराघरात दिवं, टीव्ही, पंखं. दुकानांच्या पाट्या. एमआयडीसी हायच. आता चंद्रपुराकडं कोळशाची मोठी यंत्रं हायत, ती रातंदिस जळत्यात. पर त्यास्नी आत्ता जोर लाव, आत्ता कमी कर, आसं एकदम सांगता येत न्हाय. जड माणसं ती. मग फोन कुणाला यायचा?"

"तुम्हाला," मी म्हणायची.

"आमाला. पाणी सोडलं की यंत्र फिरलं. कोळसा म्हंजी लग्नाचा सैपाक, आदल्या दिशी चुली पेटवाय लागत्यात. आमचं म्हंजी चहा. पाव्हणा दारात, कप हातात. हा आख्खा इलाखा, बारामती म्हणू नका, इंदापूर म्हणू नका, संध्याकाळचा आमच्यावर उजळायचा."

माणसांचेही त्यांनी असेच दोन प्रकार केले होते, कोळशाची आणि पाण्याची. माझ्या नवऱ्याला त्यांनी पहिल्याच महिन्यात कोळशात घातलं. "पेटाय दुपार हुती त्यांची. पर पेटलं की मग रातपत्तूर ईझत न्हाईत." हे वर्णन इतकं बरोबर होतं की मी सांगलीला फोन करून सासूबाईंना सांगितलं. मला त्यांनी पाण्यात ठेवलं होतं, माहेरच्या पुण्याईवर. स्वतः ते अर्थातच पाण्याचे.

"पाण्याचा माणूस म्हणं," आक्का खिडकीतून म्हणायच्या. "उन्हाळाभर कोरडा, आन् पावसाळ्यात आवरत न्हाय."

ते यंत्र दोन्हीकडून चालणारं होतं. विजेला गिऱ्हाईक असलं की वरचं पाणी खाली सोडून वीज करायची, आणि गिऱ्हाईक नसलं की तेच यंत्र उलटं फिरवून खालचं पाणी पुन्हा वर ओढायचं. यात किती हुशारी आहे हे तात्या मला जीव तोडून समजावत होते. आक्का शेंगा फोडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "म्हंजी दिसभर खाली सांडायचं आन् रातच्याला भरून ठेवायचं. आन् ह्याचा पगार."

एकदा सकाळीच सगळीकडची वीज गेली. बारामतीची नव्हे, पार मुंबईपर्यंतची. माझ्या डेअरीतून फोन आला की जनरेटर लावलाय, सावकाश या. मी खाली आले तर तात्या इस्त्रीचा शर्ट घालून, मोबाइल मांडीवर ठेवून खुर्चीत ताठ बसलेले. सकाळी हा शर्ट मी कधी पाहिला नव्हता. म्हणाले, "ताई, कोळशाचं यंत्र बंद पडलं तर त्याला पुन्हा उठायला बी वीज लागती. बाहेरनं. ती कोण देणार? पाणी. पाणीच आपलं आपण उठतं. आता आदी पाणी उठंल, मग ते कोळशाला उठवंल."

"पण तात्या, तुम्ही तर निवृत्त झालात."

"व्हय. पर इचारलं कुणी, कसं उठवायचं, तर?"

कुणी विचारलं नाही. दुपारी पंखे फिरले. तात्यांनी वर पंख्याकडे पाहून "उठलं" असं म्हटलं आणि शर्ट बदलायला आत गेले. आक्का म्हणाल्या, "सरकारला कळलं वाटतं, तुमी तयार होऊन बसलाय."

आम्ही नवे होतो तेव्हाची गोष्ट. रोज सकाळी चहाच्या वेळी तात्या कुणालातरी फोन लावायचे आणि हळू आवाजात विचारायचे, "रातीचं कसं हाय? आजून उतरतंयच का? ... आरारा. ... वरनं काय येण्याची आशा? ... बरं. ध्यान ठेवा." उन्हाळा चालू होता. हे आठ दिवस ऐकल्यावर मी आक्कांना बाजूला घेऊन विचारलं, "आक्का, नात्यातलं कुणी आजारी आहे का? आमच्या डेअरीची गाडी रोज दवाखान्याकडून जाते, डबा द्यायचा असेल तर मी देईन."

"आजारी कुणी न्हाय," आक्का म्हणाल्या. "धरण हाय. पाणी कुठवर आलं ते इचारत्यात."

आणि मग डोळे बारीक करून, जरा आनंदानेच म्हणाल्या, "काय म्हणला पलीकडचा? उतरलं आजून?"

तेव्हा मला त्या घराची खरी गोम कळली. आक्कांचं माहेर धरणात गेलं होतं. भीमेच्या काठावरचं इंदापूर तालुक्यातलं गाव, आक्का लग्नाच्या वयाच्या व्हायच्या आधीच उठवलेलं. माणसं वर माळावरच्या नव्या गावठाणात गेली आणि जुन्या गावावर पाणी चढलं. कडक उन्हाळ्यात पाणी फार उतरलं तर देवळाचं शिखर, मग विहिरीचं तोंड, मग घरांची जोती असं गाव एकेक करून वर यायचं. म्हणजे धरण भरलं की तात्या खूश, आणि रिकामं झालं की आक्का खूश. एकाच फोनकडे दोघांचे कान, आणि दोघांना बातमी हवी ती उलटी.

पावसाळ्यात पुण्याकडून पाणी सुटून धरण काठोकाठ भरलं की तात्या गल्लीत पेढे वाटायचे. ताट आक्काच फिरवायच्या, पण स्वतः खायच्या नाहीत. "माझ्या बापाच्या ओसरीवर पाणी चढलं त्याचा पेढा मी खाऊ व्हय?" उलट मे महिन्यात देऊळ दिसायला लागल्याची बातमी आली की आक्का पुरण घालायच्या. तात्या ती पोळी दूध घालून खायचे. मी एकदा विचारलं, "तुम्ही कशी खाता मग?" तात्या म्हणाले, "पुरणाचं आन् आमचं काय वाकडं न्हाय."

"ह्यांच्याशी लगीन ठरलं तवा बाबांनी एवढंच सांगितलं, पोरगा सरकारी नोकरीत हाय," आक्का सांगायच्या. "कुठल्या खात्यात ते सांगितलंच न्हाय. लोकं नव्या नवरीला देवाला नेत्यात. ह्यांनी मला भिंत दावली. वर उभं केलं आन् म्हणलं, हितं खाली यंत्र बसणार हाय, मोठं. मी म्हणलं, केवढं मोठं? तर म्हणलं, लई मोठं. मी मागं वळून पाण्याकडं बघितलं आन् इचारलं, आमचं गाव कुठं आलं ह्यात? ह्यांनी बोट दावलं ते पार दुसऱ्याच तालुक्यात, करमाळ्याकडं."

"वारा हुता," तात्या म्हणाले.

"बोटाला व्हय?"

लग्नानंतर तात्या पहिल्यांदा सासुरवाडीला, म्हणजे नव्या गावठाणात गेले, तेव्हा आक्कांच्या एका म्हाताऱ्या चुलत्याने भर पंगतीत विचारलं, "जावई, धरणावर हाय म्हणं तुमी. मग आमचं घर कवा सोडताय?" पंगत हसली. तात्याही हसले. पण तेव्हापासून गावात त्यांना 'धरणाचे जावई' हे नाव पडलं, आणि तात्यांनी तिकडं जाणं जवळजवळ सोडलं. लग्नाला जायचे ते अक्षता टाकून निघायचे. दर उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर आक्का भावाबरोबर जुनं गाव बघायला जायच्या, तात्या कधीच नाही. "मी काय करू तितं?" ते म्हणायचे. "ज्याच्या यंत्राखाली लोकांचं घर गेलं, त्यालाच त्यांनी घर दावायचं?" हे वाक्य ते इतक्या झटक्यात म्हणायचे की यंत्र धरणाच्या पायथ्याला आहे आणि गाव दुसऱ्या बाजूला कितीतरी लांब, हे सांगायला कुणाला सवडच मिळत नसे.

समोरच्या घरात एक गृहस्थ होते, साखर कारखान्यात वीज करायच्या विभागात कामाला. उसाची चिपाडं जाळून कारखाने आता वीज करतात. एका संध्याकाळी तात्या मला नेहमीसारखा आपला इलाखा उजळून दाखवत होते, तेव्हा हे गृहस्थ फाटकाशी थांबले आणि सहज म्हणाले, "तात्या, तुमच्या धरणापेक्षा जास्त वीज आता आमचा कारखाना करतो. तुमचं यंत्र तसं बारकंच की."

"चिपाडं," तात्या एवढंच म्हणाले आणि आत निघून गेले. दिवे अजून लागायचे होते. दिवे लागायच्या आधी ते आत गेलेले मी प्रथमच पाहिले.

बाहेर आल्या त्या आक्का. पदर खोचलेला. "भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमच्या कारखान्याला ऊस कुठल्या पाण्यावर येतो?"

"तसं नाही आक्का, मी आपलं सहज..."

"सहज म्हणायला ते काय तुमचं धरण हाय? आमच्या धरणाला नावं ठेवायची न्हाईत."

ते गृहस्थ गेले. मी म्हटलं, "आक्का, तुम्ही तर रोज ठेवता."

"मी ठीवीन. माझं गाव गेलंय. त्यांचं काय गेलंय?"

पुढं कितीतरी दिवस तात्या त्या गृहस्थांशी बोलले नाहीत. संक्रांतीला ते तिळगूळ घेऊन आले तर तात्यांनी तो घेतला, पण गोड बोलायचं वचन दिलं नाही.

मग आदल्या पावसाळ्याने दगा दिला तो उन्हाळा आला. धरण उणे झालं, म्हणजे वापरायचं पाणी संपून तळाचं राहिलं. यंत्र केव्हाच थांबलं होतं. तात्यांनी सकाळचा फोन करणं सोडून दिलं. संध्याकाळी खुर्चीवर बसायचे, पण मला "आता बगा" म्हणायचे नाहीत. दिवे लागायचे तसे लागत होते, त्यांना तात्यांची गरज नव्हती.

आणि आक्कांचं गाव पूर्ण उघडं पडलं. इतकं, की आजवर कधी न दिसलेली त्यांच्या गल्लीतली घरंही वर आली. गावठाणातून भावाचा फोन आला, "आक्के, आपलं जोतं दिसतंय. उंबरा हाय जाग्यावर." पण भावाच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, त्यांना चालता येईना. आक्का जिना चढून वर आल्या. त्या सहसा वर येत नसत. "तुमची गाडी हाय," त्या म्हणाल्या. "रविवारी न्ह्याल का मला?"

रविवारी ऊन उतरल्यावर निघायचं ठरलं. तात्यांना विचारलं तर म्हणाले, "घर कोण बघणार? या तुमी जाऊन." आम्ही खाली उतरलो, नवऱ्याने गाडीचं दार उघडलं, तर पुढच्या सीटवर तात्या. इस्त्रीचा शर्ट, पट्टा लावलेला, समोर काचेतून बघत. आम्ही काही विचारायच्या आधी म्हणाले, "वाट कोण दावणार? तुमी चिपळूणच्या, ह्ये सांगलीचं."

आक्का मागं माझ्याशेजारी बसल्या. मांडीवर एक कापडी पिशवी. वाट अख्ख्या रस्त्यात त्यांनीच दाखवली.

भिगवणच्या पुढं डांबरी रस्ता सोडला, मग मातीचा, मग तोही संपला. पुढं भेगाळलेला गाळ, आणि त्यावरून पाण्यापर्यंत गेलेले मोटारींचे लांबच लांब पाईप. पाणी मागं सरेल तसे लोकांनी पाईप वाढवत नेले होते. कुठं कुठं गाळात काकड्या आणि कलिंगडं लावलेली. आक्का गाडीतून उतरल्या आणि चालू लागल्या. घरात जिना चढताना धापा टाकणाऱ्या आक्का आमच्या पुढं निघून गेल्या.

"ही येस," त्या सांगत होत्या. वेस म्हणजे दोन दगड. "हा मारुती. मारुती नव्या गावठाणात नेलाय, पर जागा हीच. पाया पडा." आम्ही मोकळ्या जागेच्या पाया पडलो. "हितं जरा वाकून चला, लिंबाची फांदी खाली आलीया." माझा नवरा खरोखर वाकला. वर आभाळाशिवाय काही नव्हतं.

मग त्या एका जोत्याशी थांबल्या. दगडी चौकट जमिनीत, आत गाळ, एका कोपऱ्यात अर्धं रुतलेलं जातं. उंबऱ्याचा दगड शाबूत. आक्का त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं आता रडतील. त्या म्हणाल्या, "चपला भाईर काढा."

आम्ही काढल्या. गाळ तापलेला होता. उंबरा ओलांडून आत गेलो. "बसा, ही ओसरी. तितं नगं, तितं चूल हाय." नवरा चुलीवरून उठला. आक्कांनी आम्हाला सगळं घर दाखवलं. माजघर, न्हाणी, आईची निजायची जागा, म्हशीचा खुंटा. सांगताना त्या दारातूनच एका खोलीतून दुसरीत जायच्या, भिंत नसलेल्या जागेतून कधीही नाही.

तात्या बाहेर उभे होते. चपला काढलेल्या, हात मागं बांधलेले, उंबऱ्यापासून दोन हात लांब. एरवी ते अशा ठिकाणी गाळ किती साठलाय, धरणाचं आयुष्य त्याने किती कमी होतं, यावर बोलले असते. आज ते नुसते उंबऱ्याकडे बघत होते.

"तिकडं का उभं हाय?" आक्का म्हणाल्या.

"हाय ते बरं हाय."

"जावई घराबाहेर उभा ऱ्हातो व्हय? थांबा, तसं येऊ नका."

त्यांनी माझ्याकडून पाण्याची बाटली घेतली आणि उंबऱ्यावर आल्या. आमच्याकडे जावई पहिल्यांदा सासुरवाडीला आला की त्याचे पाय धुतात. आक्कांनी बाटलीचं झाकण उघडून तात्यांच्या पायांवर पाणी ओतलं. दुकानातून विकत घेतलेलं पाणी, धरणाच्या तळाशी, धरणाच्या माणसाच्या पायावर. गाळाने ते तिथल्या तिथं पिऊन टाकलं.

"आता या."

तात्या आत आले. आक्कांनी पिशवीतून टॉवेल, पांढरी टोपी आणि नारळ काढला. टोपी त्यांनी तात्यांच्या डोक्यावर ठेवली. बरोबर बसली. म्हणजे टोपी आधी आणलेली होती, मापाने. घर कोण बघणार वगैरे ज्यांनी कुणी खरं मानलं असेल, त्यात आक्का नव्हत्या.

"भावानं द्यायला पायजे हुतं," त्या म्हणाल्या. "त्याचा गुडघा न्हाय, म्हणून मी देती. घराचा मान हाय हा. ऱ्हायला हुता."

तात्या टोपी घालून ओसरीवर बसले. सगळीकडे एकदा बघून त्यांनी विचारलं, "हितं लाईट हुती का गं? तुमच्या गावात?"

"न्हाय. खांब आलं हुतं. पडून हुतं वेशीला. उभं करायच्या आदी गाव उठलं."

तात्यांनी मान हलवली. ऊन पूर्ण गेलं. आम्ही निघायच्या बेतात होतो तेवढ्यात पाण्यापलीकडच्या काठावर दिवे लागायला सुरुवात झाली. एक, मग चार, मग सगळा काठ. मी सवयीने तात्यांकडे पाहिलं. ही त्यांची वेळ होती.

आक्काच म्हणाल्या, "आत्ता ही कुठली लाईट? तुमचं यंत्र तर बंद हाय."

"कोळशाची," तात्या म्हणाले. "चंद्रपुराकडची. आन् कुठली कुठली."

"तुमचं बंद पडलं तर काय अडलं न्हाय कुणाचं?"

"न्हाय अडलं."

"मग तो समोरचा भाऊ म्हणत हुता ते खरं हाय?"

तात्यांनी टोपी काढली, हातात फिरवली, पुन्हा घातली. "खरं हाय," ते म्हणाले. "बारकं हाय आमचं यंत्र. धरण बांधलं ते शेताला, प्याला पाणी म्हणून. वीज आपली जाता जाता. संध्याकाळी फोन यायचा हे खरं, आमी उठायचो हे बी खरं. पर आमच्यासारखी लई उठायची. मोठी मोठी. कोयना. त्यात आमचं म्हंजी ताटातलं लोणचं."

माझा नवरा दुसरीकडे बघू लागला. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण दार आक्कांच्या बाजूला होतं.

"आन् मला लगीन झाल्यापास्नं सांगताय, लई मोठं, लई मोठं," आक्का म्हणाल्या.

"मग काय सांगू?" तात्या म्हणाले. "तुजं आख्खं गाव गेलंय त्यात. बारकं हाय, आसं कसं म्हणू?"

आक्का नारळ उचलून फोडायला दगड शोधू लागल्या. त्या गावात दगडांना तोटा नव्हता. उंबऱ्यावर त्यांनी तो एका घावात फोडला, खोबऱ्याचा पहिला तुकडा तात्यांच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "खावा. आन् घरी गेल्यावर कुणाला सांगत बसू नका बारकं हाय म्हणून. आपल्यातच ऱ्हाऊ द्या."